पडद्याआडच्या स्त्रियांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी



घरातील कर्ता पुरुष गेला की काही दिवसांतच कागद पुढे येतात आणि शोकमग्न स्त्रीला सांगितले जाते, ‘येथे सही करा.’ कागदात काय लिहिले आहे, हे तिला कोण समजावून सांगणार? या एका प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा आज परिचय करून घ्यावयाचा आहे.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील पारशी घराण्यातील, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालविले. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. गुणवत्ता असूनही केवळ स्त्री म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमविली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मात्र पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी!

मायदेशी परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल.बी. परीक्षा दिली. तरीही वकिलीची सनद मिळेना. विद्या होती, अधिकार नव्हता. परंतु त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

त्या काळी बंगाल-बिहारमधील जमीनदार घराण्यांतील विधवा कडक पडदा पाळीत. परपुरुषासमोर येणे निषिद्ध. आणि वकील, न्यायाधीश, कलेक्टर हे सारे पुरुषच! परिणामी लाखोंच्या इस्टेटीची मालकीण कारभाऱ्याच्या किंवा भाऊबंदांच्या शब्दावर अवलंबून राही. पडद्याआड जाऊन तिचे म्हणणे ऐकेल अशी कायदा जाणणारी स्त्री सरकारने नेमावी, असा आग्रह कॉर्नेलियाबाईंनी धरला. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’मध्ये त्यांची नेमणूक झाली. वारस अज्ञान असल्यास त्याच्या इस्टेटीची देखरेख हे खाते करीत असे. पोटगी, दत्तकाचे तंटे, मुलांचे शिक्षण अशा प्रश्नांत सुमारे वीस वर्षांत ६०० हून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य लाभले.

दरम्यान १९१६ मध्ये कलकत्त्यास रेजिना गुहा यांचा आणि १९२१ मध्ये पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांचा वकिलीसाठीचा अर्ज उच्च न्यायालयांनी फेटाळला. १९२१ मध्येच अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलियाबाईंना सनद दिली. १९२३ च्या कायद्याने हा अडसर देशभर दूर झाला. १९२४ मध्ये त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या, तेव्हा वय सत्तावन्न होते. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक आणि गांधीजींच्या चळवळीच्या विरोधक होत्या. हे मत पटणारे नाही, पण लपविण्याचेही कारण नाही. जमेची बाजू जमेकडे आणि नावेची नावेकडे लिहिणे, हाच सचोटीचा हिशोब होय.

आज मुली वकील आणि न्यायाधीश झाल्या आहेत. परंतु न वाचता सही करण्याची रीत गेली आहे काय? घरची वही, मृत्युपत्र, विम्याचे कागद पत्नी व कन्येस हयातीतच समजावून सांगावेत. त्यासाठी सनदेची गरज नाही, इच्छा पुरेशी आहे.