रस्ते नव्हते तेव्हाची मोटार

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ पाहिली की ती केवळ शोभेची वस्तू वाटते. खडक, वाळू आणि चिखल तुडवणारे खरे वाहन म्हणजे आजची ‘महिंद्रा थार’, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

‘मॉडेल टी’ १९०८ साली अमेरिकेत आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. त्या काळी तेथील ग्रामीण रस्ते बहुतांशी मातीचे होते. म्हणूनच या मोटारीचा तळ जमिनीपासून सुमारे १० इंच उंच ठेवलेला होता. २०२० साली आलेल्या थारच्या बाबतीत हे अंतर २२६ मिलिमीटर, म्हणजे ९ इंचांहूनही थोडे कमी आहे. जेव्हा रस्तेच नव्हते, तेव्हा प्रत्येक मोटार आडवाटेचीच होती.

सामर्थ्यात मात्र दोहोंची बरोबरी नाही. ‘मॉडेल टी’चे इंजिन २० अश्वशक्तीचे, आणि ती शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळे. पेट्रोलची टाकी बहुधा आसनाखाली असे आणि पंप नसल्याने पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. टाकीत पेट्रोल कमी असले की तीव्र चढणीवर इंजिन बंद पडे. तेव्हा चालक गाडी उलटी वळवून ‘रिव्हर्स’मध्ये घाट चढत. थारचे वंशमूळ १९४१ सालच्या विलीस जीपमध्ये आहे. त्या जीपची जोडणी महिंद्रा कंपनीने पुढे मुंबईत सुरू केली. आज नाशिकला तयार होणाऱ्या थारचे पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे आहे. शक्ती चारही चाकांना देता येते आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातूनही ती पार होते. आसनपट्टे, हवेच्या पिशव्या आणि भरवशाचे ब्रेक यांमुळे प्रवाशाचा जीवही अधिक सुरक्षित झाला आहे. हा लाभ लहान नव्हे.

तरीही एक गोष्ट मागे राहिली. ‘मॉडेल टी’चा मालक अनेकदा शेतकरी असे. मोजक्या हत्यारांनी तो ती उघडी, दुरुस्त करी. प्रसंगी मागचे चाक उचलून, त्यावर पट्टा चढवून लाकूड कापण्याची करवतही चालवी. यंत्र त्याच्या ओळखीचे होते. आजच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे नियंत्रण असते. त्यातील अनेक दोष दुसऱ्या उपकरणाशिवाय उमगत नाहीत आणि ते उपकरण शहरातील कार्यशाळेत असते.

तेव्हा श्रेष्ठ कोण, हा प्रश्न अपुरा आहे. जे वाहन माणसाला वस्तीपासून दूर नेते, ते तेथे बिघडल्यावर त्याच माणसाच्या हातांनी पुन्हा चालू व्हावे, ही अपेक्षा जुन्या मोटारीने पुष्कळ अंशी पुरी केली होती. नव्या वाहनाच्या रचनाकारांनी तिच्याकडून घ्यावा असा धडा हाच आहे.