घोडखिंडीतील ३०० नावे

पुण्याच्या लष्कर भागातील राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले व १९९८ साली खुले झाले. स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या महाराष्ट्रातील जवानांची नावे तेथे कोरलेली आहेत. भोर-वेल्ह्याकडचा माणूस त्या उद्यानात आपल्या मुलखातील नाव शोधू शकतो.

त्याच्या पूर्वजांच्या वाट्याला हे आले नाही. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत हिरडस मावळातील सुमारे ३०० बांदल मावळे पडल्याचे सांगतात. बाजीप्रभूंचे नाव राहिले, ते उचितच. इतरांची संख्या तेवढी उरली. पुढे कारीच्या जेध्यांकडील मानाचे पहिले पान बांदलांना मिळाले. पण तो मान घराण्याचा! आषाढातले, भातलावणीचे ते दिवस. त्या घरांची लावणी कोणी उरकली, हे कोणत्या बखरकाराने विचारले? भोर तालुक्यातील शिंद या बाजीप्रभूंच्या गावी जाणाऱ्याने भोवतालच्या खाचरांकडेही पाहावे. त्यांतील काही त्या पावसाळ्यात पडीक राहिली असतील.