‘बेकार’ या शब्दाची कैफियत

विवाहाच्या बोलण्यांत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नास ‘सध्यां बेकार आहे’ असें उत्तर आलें, कीं बैठकीचा नूर पालटतो. श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं अशी एखादी बैठक पाहिलेली असेल. मुलाचें शिक्षण, त्याचा स्वभाव, घराण्याची रीतभात हीं सारीं त्या एका शब्दाखालीं दडपलीं जातात. वास्तविक त्या उत्तरांत मुलाविषयीं कांहींच सांगितलेलें नसतें. सांगितलेलें असतें तें केवळ कामाविषयीं.

शब्द फारसी आहे. ‘कार’ म्हणजे काम, आणि ‘बे’ हा अभाव दाखविणारा उपसर्ग. हाच ‘कार’ कारकून, कारखाना, कारागीर यांच्या पोटांत शिरून मराठी घरांत इतका रुळला आहे, कीं त्याचें परकेपण आतां कोणास जाणवत नाहीं. तेव्हां बेकार म्हणजे हाताशीं काम नसलेला, एवढेंच. पण ‘भाजी बेकार झाली’, ‘नाटक बेकार होतें’ असेंही सर्रास बोलतात. आणि भाजीला लागलेलें तें विशेषण पुन्हां माणसाकडे वळतें, तेव्हां ‘ज्याला काम नाहीं तो’ या साध्या विधानाचें ‘जो कामाचा नाहीं तो’ असें दूषण होऊन बसतें. विभक्ति बदलली आणि माणूस नालायक ठरला!

जुनी मराठी या बाबतींत अधिक न्यायी होती. ऐदी, आळशी, रिकामटेकडा हे निराळे लोक. त्यांना कामाची इच्छाच नसते. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ या म्हणींतला न्हावी हंसण्याचा विषय खरा, परंतु तो आळशी नव्हे. त्याच्याजवळ कसब आहे, रक्त ओढून काढण्याच्या तुंबड्या आहेत. नाहीं तें गिऱ्हाईक.

मुंबईच्या कापडगिरण्यांत तर या शब्दाच्या सीमेवरच राहणारा एक मोठा वर्ग होता, तो बदली कामगारांचा. पाळी सुरू होण्यापूर्वीं बदलीवाला दारावर उभा राही. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर आंत जाई, नसेल तर परत फिरे. त्याला कामगार म्हणावें कीं बेकार, हें रोज त्या दारावर ठरे. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले, आणि त्यांतील हजारों पुन्हां साच्यावर परतलेच नाहींत. तुटलेला धागा क्षणांत सांधणारीं त्यांचीं बोटें जशींच्या तशीं होतीं. परंतु परळ-लालबागच्या चाळींत त्या बोटांच्या धन्याला शब्द मिळाला तो ‘बेकार’ हाच.

फारसींतूनच आलेला दुसरा एक शब्द येथें आठवतो. ‘उमेद’ म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. पूर्वीं कचेरींत जागा मिळेल या आशेनें तरुण महिनोन्महिने बिनपगारी काम करीत, त्यास उमेदवारी म्हणत. त्याच्याही हातीं पैसा नसे, पण त्याच्याविषयीं सांगतांना वडिलांचा आवाज बहुधा खालीं येत नसे. आज निवडणुकीला उभा राहणारा ‘उमेदवार’ म्हणून मिरवतो, आणि नोकरीच्या अर्जावरही तोच शब्द छापलेला असतो. अर्ज भरणारा तरुण त्या कागदापुरता उमेदवार असतो. अर्ज देऊन घरीं आला, कीं पुन्हां बेकार.