जंगलाचं मुद्दल

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या समन्वयक. दर वेळी आम्ही कर्ज, हप्ता, वसुली यावर बोलतो. आज जंगलावर बोलणार आहोत. पण शेवटी हिशेबावरच येऊ, हे आधीच सांगून ठेवतो.

घरात बाळंतीण असली की डिंकाचे लाडू होतात. खीर केली की वरून चारोळी पडते. किराणा दुकानातून आपण पुडी आणतो आणि विसरून जातो. धावड्याच्या खोडातून डिंक पाझरतो, चारोळीच्या फळाची बी फोडून आतला दाणा निघतो. ही झाडं फार लांब नाहीत. आपल्या मराठवाड्यात किनवट आणि माहूरच्या डोंगरात ती उभी आहेत. साग, धावडा, मोह, टेंभुर्णी, पळस, बेहडा, बांबू. उन्हाळ्यात पानं गाळणारं आणि पावसाळ्यात गर्द होणारं हे जंगल. पैनगंगेच्या दोन्ही अंगांनी ते पसरलंय. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा अशा किती समाजांची चूल त्यावर पेटते.

चैत्र लागला की बाया पहाटे टोपली घेऊन निघतात. मोहाची फुलं रात्री गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मग चारोळी. मग तेंदूपत्ता, म्हणजे टेंभुर्णीचं पान. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा. शेतात काम नसतं त्या दोन-अडीच महिन्यांत घरात पैसा येतो तो बहुतेक बाईच्या हातून. लेकराची वही, दुकानाची उधारी, गटाचा हप्ता, सगळं त्यातून. म्हणून जंगल टिकणं न टिकणं हा आपल्या पासबुकाचाही प्रश्न आहे.

आता आम्ही काय पाहिलं ते सांगतो. किनवट तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही बैठकीला गेलो होतो. वाटेत चारोळीची झाडं लागली. फांद्या तोडून खाली टाकलेल्या, फळं अजून हिरवी. चारोळीचं फळ पिकलं की काळपट जांभळं होतं, तेव्हा दाणा भरतो. हिरवं तोडलं तर दाणा बारीक निघतो आणि भाव पडतो. फांदी तुटली की पुढच्या सालचं फळही गेलं. हे आम्ही बैठकीत बोललो. एक मावशी शांतपणे म्हणाली, "ताई, मला कळत नाही का? पण मी थांबले तर दुसरी तोडून नेते. मग मी मागं का राहू?"

आम्ही गप्प झालो. मावशीचं चुकत नव्हतं. जिथं कुणाचाच नियम नाही तिथं थांबणारीचं नुकसान होतं.

मोहाच्या फुलांचंही तसंच. झाडाखालचा पालापाचोळा आडवा येतो, फूल दिसत नाही, म्हणून काडी लावतात. वाटतं, एवढ्यातच विझेल. वारा सुटला की आग डोंगर चढते. झाड मोठं असेल तर वाचतं, पण खालची रोपं जळून जातात. जुनी झाडं म्हातारी होत राहतात आणि त्यांची जागा घ्यायला नवं काही उगवत नाही. गवत जातं, मग गुरांचा चारा जातो. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते.

आता हिशेबावर येऊ. गटात आपण पैसे कसे सांभाळतो? मुद्दल मोडत नाही, व्याजावर वाढवतो. नियम आपण सगळ्यांनी बसून केलेला असतो. बैठकीला उशीर झाला तर दंड. आधी थोडा, पुन्हा चुकली तर जास्त. नोंदवही सगळ्यांसमोर उघडी असते. जंगलाचं फूल, फळ, पान, डिंक हे व्याज आहे. झाड, रोप आणि माती हे मुद्दल आहे. फांदी तोडणं आणि आग लावणं म्हणजे मुद्दल मोडणं.

हे आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई होत्या. जपान, स्वित्झर्लंड, नेपाळ अशा देशांतली गावं आपली सामायिक जंगलं, कुरणं, पाण्याचे पाट कसे सांभाळतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना दिसलं की वापरणाऱ्या माणसांनी स्वतः नियम केले, स्वतः लक्ष ठेवलं आणि चुकणाऱ्याला आधी हलका दंड केला, तर अशा सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

त्याच 2009 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे 1800 हेक्टर जंगल. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता. तो देण्याचा अधिकार एप्रिल 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलणं चालतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. या गावाला 2012 साली सामूहिक हक्क मिळाला. बांबूतून गावाला रोजगार आला. आणि ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. का? पानासाठी झाडं छाटतात, आगी लावतात, आणि टेंभराची फळं माणसाला, पाखरांना खायला उरत नाहीत. हातातला पैसा सोडून दिला त्यांनी. आपण तेंदूपत्ता सोडा असं आम्ही म्हणत नाही, आपलं पोट त्यावर आहे. पण काय घ्यायचं आणि काय ठेवायचं हे त्या गावानं स्वतः ठरवलं, एवढं लक्षात घ्या.

हे ठरवायचा अधिकार वनहक्क कायद्यानं दिला आहे. कायदा 2006 चा. घरच्या कसत्या वनजमिनीचा हक्क मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावावर येतो, ते तपासून घ्या. पण त्याहून मोठा आहे गावाचा सामूहिक हक्क. यात गावानं पूर्वापार सांभाळलेलं जंगल वापरण्याचा, राखण्याचा आणि त्याचं नियोजन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. मोह, चारोळी, तेंदू, मध, बांबू हे सगळं गौण वनउपज, त्यावर मालकी हक्क. हक्काबरोबर जंगल आणि वन्यजीव राखायची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे.

आणि बायांसाठी दोन गोष्टी. वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं असतात, त्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. दाव्यासाठीच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात.

इथं आमची एक चूक कबूल करायची आहे. एका गावी अशी ग्रामसभा होती. बाया आल्या नाहीत. कुणाचा स्वयंपाक, कुणाची मजुरी, कुणाला घरच्यांनीच नको म्हटलं. गणसंख्या भरत नव्हती. तेव्हा आम्ही रजिस्टर घेऊन घरोघर फिरलो आणि सह्या, अंगठे घेतले. आम्हाला वाटलं, गावाचं काम होतंय. कागद पूर्ण झाला आणि दावा गेला.

पुढं नकाशा पाहिला. हद्द आखताना पुरुष मंडळींनी गाडीवाट, गुरांची चराई, देवस्थान, सगळं धरलं होतं. पण बाया जिथं चारोळी वेचतात तो डोंगराचा पदर आणि जिथं उन्हाळ्यात पाणी टिकतं तो झरा, दोन्ही हद्दीबाहेर. कुणी मुद्दाम केलं नाही. त्या वाटेनं फक्त बायाच जातात, त्या जागा फक्त त्यांनाच ठाऊक. त्या सभेत एक जरी बाई खरोखर बसली असती तरी तिनं बोट दाखवलं असतं. आम्ही तिची सही आणली, तिला आणलं नाही.

त्यानंतर बायांनी शिवारफेरी काढली. दोन दिवस डोंगर फिरलो. म्हाताऱ्या बाया पुढं, आम्ही मागं वही घेऊन. इथं मोह, इथं चारोळी, इथं सरपण, इथं पाणी. वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं सांगणंही पुरावा म्हणून चालतं, ते जोडलं. नकाशा दुरुस्त करून पुन्हा अर्ज केला. निकाल अजून आलेला नाही. पण गटानं निकालाची वाट पाहिली नाही. नियम केले. सगळ्यांनी मिळून तारीख ठरवल्याशिवाय चारोळी तोडायची नाही. फांदी तोडली तर दंड. मोहाखाली काडी लावायची नाही, पाला खराट्यानं बाजूला करायचा किंवा जुनी लुगडी अंथरायची. लुगड्यावर पडलेलं फूल स्वच्छ असतं, मातीही लागत नाही. पहिल्याच साली दोघींनी नियम मोडला, दंड भरला. त्यातली एक आमची गटाची सचिवच होती. तिनं सगळ्यांसमोर पैसे ठेवले, तेव्हा नियम खरा झाला.

आता लातूरच्या तायांनो, तुम्ही म्हणाल, आमच्याकडं जंगलच कुठं आहे? खरं आहे. लातूर जिल्ह्यात शंभर एकरांमागं एक एकरही जंगल नाही. एप्रिल 2016 आठवा. मिरजेहून तीनशे किलोमीटरपेक्षा लांबून रेल्वेनं पाणी आलं होतं. केवळ झाडं नव्हती म्हणून ती वेळ आली असं नाही. पाऊस कमी झाला, ऊस वाढला, बोअर खोल गेले. पण उघड्या माळावर पडलेलं पाणी थांबत नाही, हेही तितकंच खरं. तुमचं जंगल म्हणजे गावाचं गायरान, ओढ्याकाठ आणि बांध. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून उजाड डोंगर हिरवा केला. गायरानाचा एक तुकडा दोन पावसाळे चराईला बंद ठेवा, गवत विळ्यानं कापून न्या. बांधावर बोर, चिंच, सीताफळ, शेवगा राहू द्या.

आणि एक काम दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करता येईल. किनवटच्या गटांकडं डिंक, चारोळी, पळसाच्या पत्रावळी आहेत. लातूरच्या गटांकडं लग्नसराई आणि बाजार आहे. प्रभागसंघातून एकमेकींशी बोला. मधला हात कमी झाला तर वेचणारीला चार पैसे जास्त मिळतील, आणि पिकायच्या आत तोडायची घाई तिला राहणार नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच करा. नोंदवहीचं एक कोरं पान काढा. आपल्या गावात कोणती झाडं आपल्याला काय देतात ते वडीलधाऱ्या बायांना विचारून लिहा. त्याखाली एकच नियम लिहा, सगळ्यांना पाळता येईल असा. आणि ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा. त्या दिवशी भाकरी सकाळीच थापून ठेवा. सही घरी मागायला कुणी आलं, अगदी आम्ही आलो, तरी देऊ नका. सभेला या, बसा, आणि मग सही करा.