गर्भातील शिदोरी आणि मधुमेह



मधुमेह हा सुखवस्तू, बैठ्या आणि स्थूल माणसाचा विकार होय, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. शिरूर तालुक्यात, पाबळच्या परिसरातील कोरडवाहू गावांत, कृश शरीराच्या माता शेतात राबत होत्या. त्यांच्या उदरातील बालकांचा मधुमेहाशी काही संबंध असेल, असे १९९३ पूर्वी कोणास सहसा वाटले नसते. त्या वर्षी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गावांत 'पुणे मातृपोषण अभ्यास' आरंभिला. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी, गर्भात झालेली उपासमार प्रौढपणी हृदयविकार व मधुमेह ओढवते, असा सिद्धान्त मांडला होता. त्याची कसोटी येथे घ्यावयाची होती. या भूमीची मशागत मात्र आधीच झालेली होती, ही गोष्ट विसरता येत नाही. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ पासून वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे कार्य उभे केले होते. त्या विश्वासावाचून घरोघरी जाऊन गर्भवतीच्या आहाराची मोजदाद करणे सोपे नव्हते.

नवजात बालकांची वजने झाली. सरासरी भरली सुमारे २.७ किलो; साउदम्प्टनच्या बालकांची ३.५ किलो. अंतर आठशे ग्रॅमांचे. परंतु खरे आश्चर्य वजनात नव्हते. पाठीवरील त्वचेची चिमूट मापकाने मोजली, तेव्हा या लहानग्यांची चरबी इंग्रज बालकांच्या जवळपास आढळली. उणे पडले होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. वरून कृश, आतून मेदयुक्त! 'थिन-फॅट' बालक हे नाव २००३ च्या शोधनिबंधातून जगापुढे गेले. मातांच्या आहाराने आणखी एक कोडे घातले. एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बालकाच्या आकारमानाशी संबंध क्षीण दिसला. दूध, फळे आणि पालेभाज्या यांचा मात्र स्पष्ट दिसला. अर्थात प्रश्न केवळ पोट भरण्याचा नव्हता, सूक्ष्म पोषकद्रव्यांचा होता.

येथून रेणूंच्या जगात प्रवेश होतो. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची उणीव जवळजवळ नव्हतीच. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी झाली. ज्यांच्या मातेकडे फोलेट भरपूर आणि बी-१२ अल्प, त्या मुलांचे शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. ही दोन जीवनसत्त्वे एकाच रहाटाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी आहेत. त्यांच्या जोरावर होमोसिस्टीन नावाच्या द्रव्याचे मिथिओनिन बनते आणि त्यातून मिथिल गट तयार होतात. हे गट डीएनएवर चिकटून कोणते जनुक बोलेल व कोणते मौन पाळेल, यावर प्रभाव टाकतात. जनुकाची अक्षरे तीच राहतात, वाचन बदलते.

परंतु संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. बी-१२ कमी असलेली माता गरीबही असू शकते, अशक्तही असू शकते; दोष नेमका कोणाचा? येथे आनुवंशिक साथरोगशास्त्राची युक्ती कामी येते. एमटीएचएफआर या जनुकाच्या एका प्रकाराने होमोसिस्टीन वाढते. तो प्रकार कोणाच्या वाट्यास यावा, हे गर्भधारणेच्या क्षणी ठरते. तेथे श्रीमंती वा शिक्षण चालत नाही. म्हणजे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग. पुणे व म्हैसूर येथील मातांच्या अभ्यासातून २०१४ साली याच मार्गाने, मातेचे वाढलेले होमोसिस्टीन बालकाचे वजन घटविते, या कारणसंबंधास बळ मिळाले.

केवळ जनुकांचा शोधही चालू होता. हैदराबादच्या सीसीएमबीमधील डॉ. गिरिराज चांडक यांच्यासह पुण्याच्या संशोधकांनी, युरोपात मधुमेहाशी जोडलेले टीसीएफ-७-एल-२ हे जनुक भारतीयांतही तेच करते, हे २००७ साली दाखविले. तथापि अशा एकेका जनुकाचा वाटा लहानच असतो.

या सभागृहातील बहुतेक कुटुंबे शाकाहारी आहेत. तेव्हा एक शंका मनात येणारच. बी-१२ वनस्पतीत नाही, मग शाकाहार दोषी काय? उत्तर घाईने देऊ नये. पुण्यातील २०४ व्यक्तींच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७५ टक्क्यांत बी-१२ च्या उणिवेची चयापचयी लक्षणे आढळली, आणि शाकाहाराने त्याचा उलगडा अंशतःच झाला. हे जीवनसत्त्व प्राणीही स्वतः तयार करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्मजीव करतात, आणि औषधातील बी-१२ ही त्यांच्याच किण्वनातून मिळते. दूध-दही हा शाकाहाऱ्याचा आधार खरा. पण शिरूर-दौंडच्या कित्येक घरांतून गोठ्यातले दूध पहाटेच डेअरीकडे जाते आणि घरच्या सुनेच्या वाट्यास चहापुरते उरते. तेथे दोष आहाराच्या तत्त्वाचा म्हणावा, की वाटणीचा? फोलिक अॅसिडलाही दूषण देऊ नये. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळणारे ते उपयुक्त औषध आहे. एकाच बैलावर भार नको, एवढेच.

सहा गावांतील ती मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा सुमारे ३७ टक्के तरुणांची आणि १८ टक्के तरुणींची उपाशीपोटी साखर सामान्य मर्यादेबाहेर होती, आणि जवळजवळ निम्म्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. याच मुलामुलींना २०१२ पासून 'प्रिया' या प्रयोगात विवाहापूर्वीच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यास आरंभ झाला. हेतू हा की, गर्भधारणेच्या पहिल्या दिवशी, म्हणजे स्त्रीला वार्ता कळण्याआधीच, शिदोरी तयार असावी. केवळ बी-१२ घेतलेल्या मातांची मुले दोन वर्षांची असताना आकलन व भाषा यांत सरस ठरली. १९९४ च्या सुमारास ज्या मुलींची जन्मतःच वजने घेतली होती, त्यांपैकी कित्येक आता स्वतः माता झाल्या आहेत, आणि त्यांच्या बालकांची मापेही त्याच अभ्यासात नोंदली गेली आहेत.