तापीकाठचं थाळनेर

मैत्रिणींनो, बंदर राखणारा किल्ला म्हटलं की सिंधुदुर्ग, जंजिरा आठवतात. आपल्या खानदेशाला समुद्र नाही, पण तापीमाय आहे. सुरत बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपूरकडे जायचा, त्या वाटेवर शिरपूर तालुक्यातला थाळनेरचा किल्ला. मलिक राजा फारुकीनं १३७० नंतर राजधानी केली ती इथेच. फारुकींच्या कबरी आजही गावात आहेत, बघाच.

आम्हाला सांगायचंय ते २७ फेब्रुवारी १८१८ चं. महिदपूरला हरल्यावर होळकरांनी तहात खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला. जनरल हिस्लॉप किल्ला घ्यायला आला. किल्लेदार तुळशीराम मामांनी दार उघडलं नाही. दिवसभर तोफा चालल्या, शेवटी ते बाहेर येऊन स्वाधीन झाले. पण आतल्या दाराशी अरब शिपाई आणि इंग्रज अधिकारी बोलू लागले, एकाचं दुसऱ्याला कळेना, आणि चकमक उडाली. मेजर गॉर्डन मारला गेला. मग आतली सुमारे ३०० माणसं कापून काढली. चकमक झाली तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होते, तरी त्यांना फाशी दिलं!

इंग्रज त्यांना बंडखोर म्हणाले. आम्ही नाही म्हणणार. पुढच्या वर्षी खुद्द विलायतेच्या पार्लमेंटात फौजेचे आभार मानले, तेव्हा थाळनेरची ही करणी त्यातून वगळावी लागली. फाशी गेलेल्या किल्लेदाराचं नाव मात्र आपल्याकडेही किती घरांत ठाऊक आहे?