स्कॅनची सीडी मोबाइलवर कशी बघायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन. कमिटीने मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही सीटी-एमआरआयच्या डिपार्टमेंटला काम करता, तर घरोघरी उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा." विषय शोधावा लागला नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. "ताई, सेंटरवाल्यांनी सीडी दिलीय, पण मोबाइलवर काही दिसत नाही. तिचे फोटो करून द्याल का?"

फोटो करता येतात, आणि ते अवघड नाही. कसे करायचे ते सांगणारच आहे. पण त्याआधी फोटो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे समजून घेऊ. कधीकधी त्यावर मोठा निर्णय अवलंबून असतो.

सीडी कॉम्प्युटरला लावली की आत काय दिसतं? एक-दोन फोल्डर, 'डायकॉमडिर' नावाची एक फाइल आणि आयएम-१, आयएम-२ अशा नावांच्या शेकडो फाइली. त्यावर क्लिक केलं तर कॉम्प्युटर म्हणतो, ही कशाने उघडू? काही जण हुशारी करून फाइलच्या नावापुढे 'डॉट जेपीजी' लिहून बघतात. त्याने काही होत नाही. डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून आतल्या मिठाची साखर होते का?

या फाइलींच्या प्रकाराला 'डायकॉम' म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचं स्कॅन मशीन आपल्याच भाषेत चित्र साठवायचं. एका कंपनीच्या मशीनवरचा स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर उघडायचा नाही. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि मशीन बनवणारे एकत्र बसले. १९८५ मध्ये पहिलं मानक आलं आणि १९९३ पासून ते 'डायकॉम' या नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे हे वेगळं समजवायला नको. एम-८ चा बोल्ट कोणत्याही दुकानातून आणा, एम-८ च्या नटात बसतो. तसं हे मानक. निगडीत काढलेला स्कॅन लातूरलाही उघडतो आणि जर्मनीतही.

आता आपल्यातले कितीतरी जण टेल्कोतून, बजाजमधून, भोसरीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना मी एक विचारते. कॅडची मूळ फाइल आणि त्या ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो, यात फरक काय? फोटोत पार्ट कसा दिसतो ते कळतं. पण फोटोवर पट्टी ठेवून कोणी माप घेतं का? घेतलं तर जॉब रिजेक्ट! डायकॉम म्हणजे मूळ ड्रॉइंग, आणि जेपीजी म्हणजे त्याचा फोटो.

मूळ फाइलमध्ये असं काय जास्तीचं असतं, ते तीन मुद्द्यांत सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. प्रत्येक फाइलमध्ये चित्राबरोबर पेशंटचं नाव, वय, तारीख, मशीन, कापाची जाडी आणि एक ठिपका म्हणजे किती मिलिमीटर, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे डॉक्टर स्क्रीनवर गाठ मोजू शकतात. जेपीजी केलं की ही नोंद साधारणपणे गळून पडते. चित्र राहतं, माप जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे राखाडी छटा. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड अधिक १००० च्या आसपास किंवा वर. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल मिळालं त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं नाव या मोजणीला दिलंय. अशा साधारण ४०९६ पायऱ्या मूळ फाइलमध्ये असतात. नेहमीच्या जेपीजीत राखाडीच्या २५६ च छटा मावतात. मग बाकीच्यांचं काय होतं? फोटो करताना आपण एक पट्टा निवडतो, त्याला आम्ही 'विंडो' म्हणतो. छातीचा एकच स्कॅन फुप्फुसाच्या विंडोत पाहिला तर फुप्फुसातली बारीक जाळी दिसते. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या विंडोत पाहिला तर तेच फुप्फुस पूर्ण काळं दिसतं. मूळ फाइल असेल तर डॉक्टर माउस फिरवून विंडो बदलतात. फोटोत जे काळं झालं ते कायमचं काळं झालं. मोबाइलवर ब्राइटनेस वाढवून ते परत येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे संख्या. छातीच्या एका सीटीत ३००-४०० काप सहज असतात. एक काप साधारण अर्धा एमबी, म्हणजे ४०० कापांचे २०० एमबी झाले. त्यातले पाच फोटो पाठवायचे म्हणजे ४०० पानांच्या पुस्तकातली पाच पानं पाठवून 'पुस्तक कसं आहे सांगा' म्हणण्यासारखं आहे. शिवाय ती पाच पानं निवडली कोणी? घरच्यांनी!

कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी हे अनुभवलंय. छातीचा एचआरसीटी काढला की फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि ओळखीतल्या प्रत्येक डॉक्टरला पाठवायचा. २५ पैकी स्कोअर किती, एवढंच सगळे विचारायचे. त्या घाईत दुसरा इलाज नव्हता. पण सवय मात्र तशीच राहिली.

आता एक खरी हकिगत सांगते. आपल्याच सोसायटीतले एक आजोबा आहेत. त्यांची परवानगी घेतलीय, नाव मात्र सांगत नाही. खोकल्यासाठी सीटी काढला, त्यात फुप्फुसात छोटीशी गाठ दिसली. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कधी स्कॅन झाला होता का? तेव्हा ही गाठ होती का, आणि केवढी होती?" अडीच वर्षांपूर्वी स्कॅन झाला होता. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचे चार फोटो सापडले. त्यांत ती जागा नव्हतीच, आणि असती तरी मोजता आली नसती. मग आजींनी कपाट उपसलं. एलआयसीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये जुनी सीडी जशीच्या तशी निघाली! डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले, मोजले. गाठ तेवढीच होती, अडीच वर्षांत वाढली नव्हती. सुई घालून तुकडा काढायचा विचार चालला होता, तो डॉक्टरांनी बाजूला ठेवला. त्या रात्री त्या घरात सगळे नीट जेवले.

प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. गाठ वाढलेली निघाली असती तरी ते वेळेत कळणं तितकंच मोलाचं होतं. दोन्ही बाजूंनी उपयोग मूळ फाइलचाच.

दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांकडून रिपोर्ट घ्यायचा असला तरी हीच फाइल लागते. आपल्या चिंचवडची कृष्णा डायग्नोस्टिक्स ही कंपनी बघा. लांबच्या सरकारी रुग्णालयांत काढलेले स्कॅन त्यांचे रेडिओलॉजिस्ट पुण्यातल्या केंद्रात बसून वाचतात. असं काम व्हॉट्सअॅपच्या फोटोवर चालत नाही, त्याला पूर्ण स्कॅन लागतो.

मग फोटो करायचेच नाहीत का? जरूर करा. नातेवाइकांना दाखवायला, फॅमिली डॉक्टरांना पटकन कल्पना द्यायला, किंवा स्वतःचा आजार समजून घ्यायला फोटो उत्तम. कसे करायचे ते लिहून घ्या.

१. आधी संपूर्ण सीडी कॉम्प्युटरवर कॉपी करा. निवडक फाइली नकोत, सगळं. फोल्डरला नाव द्या: कोणाचा, कशाचा स्कॅन, तारीख.

२. बहुतेक सीडीत स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर असतं, पण ते साधारणपणे विंडोजवरच चालतं. नसेल तर घरगुती वापरासाठी फुकट मिळणारी आहेत: विंडोजसाठी मायक्रोडायकॉम, मॅकसाठी होरोस, आणि दोन्हींवर चालणारं वीसिस.

३. रिपोर्टमध्ये ज्या कापाचा उल्लेख असेल तो काढा, विंडो नीट लावा आणि 'एक्स्पोर्ट' मध्ये जेपीजी निवडा. डॉक्टरांसाठी असेल तर नाव, तारीख, डावी-उजवी बाजू चित्रावर दिसू द्या. घरात दोघांचे गुडघ्याचे स्कॅन असतील तर बिननावाचे फोटो अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. ग्रुपवर टाकायचा असेल तर मात्र नाव झाका. सोनोग्राफीत नाव बऱ्याचदा चित्रातच छापलेलं असतं, तेही बघा.

४. व्हॉट्सअॅपवर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो आणखी दाबून लहान केला जातो.

५. दुसरं मत हवं असेल तर पूर्ण फोल्डरची झिप करून ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक फक्त त्या डॉक्टरांच्या ईमेललाच उघडेल अशी द्या. सोबत लेखी रिपोर्ट जोडा.

आणि एक कळकळीची विनंती. 'इथे फाइल टाका, लगेच जेपीजी मिळवा' अशा अनोळखी वेबसाइटवर स्कॅन टाकू नका. त्या फाइलमध्ये नाव, वय, रुग्णालयाचा नंबर सगळं असतं. आपण आधार कार्ड रस्त्यात कोणाच्याही हातात देतो का?

सीडी हरवली असेल तर सेंटरला जाऊन मागा, संकोच करू नका. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. पण तीन वर्षांपूर्वीचं कोणाकडे मागणार? म्हणून आपली प्रत आपणच सांभाळायची. सीडीवर ओरखडे पडतात, नवीन लॅपटॉपला सीडी लावायची सोयही नसते. आजच पेनड्राइव्हवर घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा.

शेवटी कमिटीपुढे एक प्रस्ताव मांडते. सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी १० ते १२ मी तिथे बसेन. आपापला पेनड्राइव्ह आणि सीडी घेऊन या. सीडी उतरवून देईन, हवे तर फोटोही करून देईन. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणाचीही प्रत ठेवणार नाही. फक्त "ताई, यात काय दिसतंय?" असं विचारू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. आणि येताना कपाटातल्या सगळ्या जुन्या सीडी आणा. एलआयसीची फाइलसुद्धा उघडून बघा!